नाव न घेता दिलेलं पाणी

लाईट गेलीय ती आता तासभर यायची नाही. बसा. अवनी, तो मोबाईल खाली ठेव, तोंडावर उजेड पाडून कुणी गोष्ट ऐकतं का? यज्ञेश, दार लोटून घे. कडी नको लावूस, नुसतं लोट.

भुताची गोष्ट हवी म्हणता. मला भुताखेतांच्या गोष्टी येत नाहीत बाबा. मला एक वेणीमाधव माहीत होता, त्याची सांगतो. इथलाच, आपल्या काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातला. माझा जुना मित्र. महाराष्ट्रातून यात्रेकरू यायचे त्यांची श्राद्धं, तर्पणं चालवायचा. मरायच्या आधी आठ दिवस त्यानं मला बोलावून घेतलं आणि मन मोकळं केलं. शेवटचा भाग तर मी स्वतः पाहिलाय. खोटं वाटलं तर वाटू दे, मला काय तुमच्याकडून दक्षिणा घ्यायचीय!

तर पंचाण्णव साल. सप्टेंबरची तीस, शनिवार. वेणीमाधव दुपारी जेवला, पान लावलं आणि चपला घालून निघाला. काम साधंच. बंदूकवाल्याच्या दुकानातून एक रिव्हॉल्व्हर आणायचं होतं.

दात काढू नकोस यज्ञेश. पिंड देणाऱ्या माणसाला रिव्हॉल्व्हर कशाला, हेच त्याच्या बायकोनंही विचारलं होतं. सुनीतीवहिनी फटकळ. म्हणाल्या, "तुम्ही मेलेल्यांचं करता ते पुरेना, आता नवे मेलेले तयार करणार का?" पण तेव्हा इकडं कमरेला हत्यार असेल त्यालाच लोक माणूस म्हणायचे. स्टेशनवर दलाल यायचे, गाडी नीट थांबायच्या आत यात्रेकरूंच्या वळकट्या ओढून न्यायचे. एकदा वेणीमाधव आडवा गेला. त्यांनी त्याची शेंडी धरून त्याला फलाटावर बसवला, चार लोकांदेखत. ते त्याच्या मनातून गेलं नाही. चालवायचं नव्हतंच त्याला. बंडीखाली जरा उंचवटा दिसला म्हणजे झालं.

लायसन त्याच्याकडे चार वर्षांपासून होतं. हत्यार नव्हतं, कारण नवं घ्यायची ऐपत नव्हती. त्या साली पोलीस खात्यात नवी पिस्तुलं आली आणि जुनी रिव्हॉल्व्हरं बाद होऊन दुकानात विकायला आली. वापरलेला माल, स्वस्त. वेणीमाधवला निरोप आला.

दुकानदारानं पिवळ्या फडक्यावर तीन नग मांडले. दोन काळीभोर, बरी दिसणारी. तिसऱ्याच्या लाकडी मुठीवरची जाळी झिजून पार गुळगुळीत झालेली. दुकानदारानं तेच पुढं सरकवलं.

"पंडितजी, ये वाला आपके लिए रखवाया है. दरोगाजी खुद कह गए हैं. चला हुआ है, धोखा नहीं देगा."

चला हुआ है! वेणीमाधवला हा दरोगा, म्हणजे फौजदार, कोण ते विचारावं लागलं नाही. ते कुठं चाललं होतं, कुणावर चाललं होतं, तेही त्याला ठाऊक होतं.

"मामा, मतलब?"

मराठीत विचार गं, सगळी काशी हिंदीत बोलतेच आहे. सांगतो. चार वर्षं मागं जावं लागेल.

एक्क्याण्णवचा जून. वेणीमाधव लायसनच्या चौकशीसाठी सकाळीच ठाण्यात जाऊन बसला होता. कोणतं ठाणं ते विचारू नका. नऊच्या सुमाराला धावपळ झाली, दरोगा आला आणि म्हणाला, "पंडितजी, चलिए, एक दस्तखत करना है." त्याला नावेत बसवून पलीकडच्या रेतीवर नेलं. तिथं एक मुडदा पालथा पडलेला. पहाटे कुणी गुंड रेतीवरून पळत होता म्हणे, त्याच्यामागं पोलीस. गुंड पळाला. गोळी लागली ती तिथं आंघोळीला गेलेल्या एका पोराला. आता हे कागदावर कसं घालायचं? पोरानंच आधी गोळी झाडली असं लिहिलं. खाली साक्षीदार पाहिजे. चांगला, जानवं घातलेला, शिकलासवरला.

शिपायानं मुडदा उताणा केला.

ते पोर कालिंदीवहिनींचं होतं. आपल्याच गल्लीतलं, वेणीमाधवच्या घरापासून सातवं दार. नवरा रेल्वेत होता, लवकर गेला, हे एकच लेकरू. वेणीमाधवनं त्याची मुंज लावली होती. कानात गायत्री ह्यानं सांगितलेली.

दरोगानं विचारलं, "पहचानते हैं?"

वेणीमाधवनं पोराकडं पाहिलं, मग दरोगाकडं. दरोगाच्या हातात ते रिव्हॉल्व्हर होतं, आणि त्याच ठाण्यातल्या टेबलावर ह्याचा अर्ज होता.

म्हणाला, "नहीं साहब. नहीं पहचानता."

सही केली. कागदावर 'अज्ञात' असं लिहिलं गेलं. संध्याकाळपर्यंत पोराला बेवारस म्हणून जाळूनही टाकलं. तीन महिन्यांत ह्याचं लायसन आलं.

शिव्या द्यायच्या असतील तर द्या. मीही दिल्या, त्याच्या तोंडावर दिल्या, मरायला टेकला होता तरी. पण खरं पाप मी ह्याला म्हणत नाही. भीतीपोटी माणूस सही करतो. पाप पुढंच आहे.

कालिंदीवहिनी पोराला शोधत राहिल्या. ठाणी झाली, दवाखाने झाले, ज्योतिषी झाले. मग पितृपक्ष आला आणि त्या वेणीमाधवच्या दारात आल्या. त्याला भावोजी म्हणायच्या. विचारलं, "भावोजी, मी काय करू? त्याचं पान वाढू की नको?"

कळतंय का तुम्हाला? पोरगा जिवंत असेल तर त्याच्या नावानं पिंड देणं म्हणजे आईनं आपल्या हातानं त्याला मारणं. आणि मेलेला असेल तर न दिल्यानं तो उपाशी. हे सांगणार कोण? भटजी. आणि सगळ्या काशीत ज्याला उत्तर पक्कं माहीत होतं असा भटजी एकच होता.

तो म्हणाला, "थांबा वहिनी. जिवंत माणसाचा पिंड देऊ नये. येईल तो."

ब्याण्णवला, त्र्याण्णवला हेच सांगितलं. चौऱ्याण्णवलाही हेच. पंचाण्णवच्या सर्वपित्रीला त्या पाचव्यांदा आल्या, तेव्हाही म्हणाला, येईल. आणि सहा दिवसांनी हा शहाणा दुकानात ते रिव्हॉल्व्हर हातात घेऊन उभा!

दुसरं घेता आलं असतं. पण दरोगाला नाही म्हणायची छाती कुठं होती? शिवाय... हे त्यानं मला स्वतः सांगितलं. म्हणाला, "दिनू, मूठ हातात बसली रे. माझ्यासाठीच केल्यासारखी बसली." आणि ढसाढसा रडला.

घेतलं. घरी आणलं.

सोमवारी खंडेनवमी. त्या साली ती नेमकी दोन ऑक्टोबरला आली, गांधीजयंतीला. दारूची दुकानं बंद आणि घराघरात हत्यारांची पूजा! वेणीमाधवलाही आता हत्यार होतं, पूजा तर करायलाच हवी. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली. माणूस मारलेलं हत्यार तसंच पाटावर कसं ठेवायचं? आधी मेलेल्याला पाणी दिलेलं बरं. नवरात्रात पितरांचं काही करू नये, हे त्याला काय सांगायला पाहिजे होतं? दुसऱ्याला दहादा सांगायचा. पण स्वतःची वेळ आली की शास्त्राला वळण देता येतं.

दुपारी अहिल्याबाई घाटावर गेला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. ओंजळीत तीळ घेतले. आता म्हणायचं काय? नाव आणि गोत्र. नाव ठाऊक, गोत्र ठाऊक, मुंज ह्यानंच लावलेली. पण शेजारी आपल्याच आळीतले दोघं न्हात होते. त्यांनी नाव ऐकलं तर? कालिंदीवहिनींच्या कानावर गेलं तर?

ज्याचं गोत्र माहीत नाही त्याला काश्यप गोत्र लावतात. ह्यानं तेच केलं. नाव अज्ञात, गोत्र काश्यप, असं म्हणून तीन ओंजळी पाणी सोडलं आणि घरी येऊन वरणभात जेवला.

पोलिसांनी त्या पोराला अज्ञात लिहिलं होतं ते कागदावर. कागदाला कोण विचारतो! आई रोज नाव घेत होती तोवर त्याला निदान नाव होतं. ह्या बाबानं गंगेत उभं राहून, मंत्र म्हणून, ते काढून घेतलं.

संध्याकाळी सुनीतीवहिनी मंडळाच्या देवीच्या आरतीला गेल्या. वेणीमाधव एकटा. पाटावर लाल कापड, त्यावर रिव्हॉल्व्हर, झेंडूची फुलं. समई लावली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. आठाला दहा मिनिटं कमी होती, तेव्हा लाईट गेली.

त्याचं त्याला काही वाटलं नाही. रोजच जायची. समई होती. तो उदबत्ती ओवाळायला लागला.

गल्लीच्या टोकाला कडी वाजली.

कुणीतरी काहीतरी विचारलं. पोरगेलासा आवाज. आतून कुणी म्हणालं, "नाही बुवा." दार बंद झालं.

मग त्याच्या अलीकडच्या दाराची कडी. तोच आवाज. आतून हिंदीत, "नहीं भैया, पता नहीं." दार बंद.

वेणीमाधवला वाटलं, चुकलेला यात्रेकरू असेल, पत्ता विचारतोय. गिऱ्हाईक आहे, उठावं. उठलाही. अर्ध्यावर गेला आणि थांबला.

गल्लीतली कुत्री गप्प होती. नवख्या माणसावर ती भुंकल्याशिवाय राहत नाहीत.

तिसरं दार. चौथं. आता शब्द कळायला लागले.

"काकू... मी कोण?"

"कोण रे तू? नाही ओळखलं."

पाचवं दार.

"मी कोण?"

दार बंद.

सहावं.

वेणीमाधव मागं सरला. त्याच्या पायाला पाट लागला. समई हलली. हातानं चाचपडत त्यानं रिव्हॉल्व्हर उचललं. हळदीनं मूठ निसरडी झालेली. आणि गरम. ऑक्टोबरातलं लोखंड आणि लाकूड, पण गरम. आत्ताच कुणी खाली ठेवल्यासारखं.

त्याच्या दाराची कडी वाजली.

त्यानं दाराकडं पाहिलं.

पुन्हा वाजली. हळूच. दारात ओळखीचं पोर यावं तशी.

"काका..."

"काका, दुपारी पाणी दिलंत..."

"कुणाला दिलंत?"

वेणीमाधवनं दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर दारावर धरलं. चाप ओढायचं त्याच्या मनात नव्हतं, तो शपथेवर सांगायचा. बोट आपोआप वळलं. सवयीच्या हाताचं वळावं तसं. घोडा पडला. खट्. गोळी सुटली नाही. पुन्हा खट्. पुन्हा...

दाराबाहेर काही नाही. श्वासही नाही.

मग बऱ्याच वेळानं... बाईचा आवाज. "भावोजी, दार उघडा. मी आहे."

कालिंदीवहिनी! जिवात जीव आला त्याच्या. रिव्हॉल्व्हर पाटावर टाकून त्यानं दार उघडलं. वहिनी कंदील घेऊन उभ्या होत्या. पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं.

"आता इथं कोण होतं वहिनी?"

"कोणी नाही." त्यांचं लक्षच नव्हतं. त्या आत आल्या, उंबऱ्याजवळच बसल्या. "भावोजी, हसू नका. मला वेड लागलंय असंही म्हणू नका. रोज दिवा लावला की मी त्याला हाक मारते. तुम्हाला ठाऊक आहे. आज दिवा लावला, तोंड उघडलं, आणि..."

"आणि काय?"

"नाव येईना." त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. "तासभर झाला. त्याचा चेहरा दिसतोय, शर्ट दिसतोय, गालावरचा व्रण दिसतोय. नाव नाही. शेजारी विचारलं, त्यांनाही आठवेना. तुम्ही त्याची मुंज लावलीत भावोजी. तुम्ही सांगा. माझ्या मुलाचं नाव काय हो?"

एवढंच विचारलं त्या माउलीनं. आणि वेणीमाधवला ते सांगायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा अगदी मनापासून खरं सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं.

तोंडातून आलं, "नहीं साहब. नहीं पहचानता."

कालिंदीवहिनी दचकल्या. "असं काय बोलताय?"

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. दोन्ही हातांनी तोंड दाबून तो खाली बसला. आणि नाव येत नाही म्हटल्यावर बाकीचं सगळं बाहेर पडलं. रेती, होडी, दरोगा, कागद, सही. पाच पितृपक्षांचं खोटं. पाटावरचं ते हत्यार. दुपारचं पाणी. काही राखून ठेवलं नाही.

वहिनी रडल्या नाहीत. समईकडं बघत बसल्या.

मग म्हणाल्या, "म्हणजे गेला."

"गेला वहिनी."

"चार वर्षं झाली."

"हो."

"मग द्या त्याला पिंड. आता कळलं ना? उठा, घाला भात. नाव घेऊन द्या."

वेणीमाधवनं मान खाली घातली.

"द्या ना!"

"वहिनी... नावाशिवाय... अज्ञात म्हणून देता येतो. शास्त्रात सोय आहे..."

"अज्ञात?" त्या उभ्या राहिल्या. "मी नऊ महिने पोटात अज्ञात बाळगला होता? सांगा की! तुमच्या शास्त्रात त्याचीही सोय असेल!"

कंदील तिथंच सोडून त्या अंधारात निघून गेल्या.

त्यानंतर वेणीमाधव माझ्याकडं आला. सव्वानऊ झाले होते. मी नुकतं ताट पुसून बसलो होतो. दारातूनच म्हणाला, "दिनू, कालिंदीवहिनींच्या मुलाचं नाव काय रे?"

मला हसू आलं. म्हटलं, ह्याला झालंय काय! त्या पोराला मी खांद्यावर बसवून रामलीलेतली नक्कटैयाची मिरवणूक दाखवलीय. माझ्या कानाला धरून बसायचा, कान लाल करायचा. म्हटलं, हे काय विचारणं झालं, त्याचं नाव...

...

"मामा?"

थांब जरा, अवनी.

...

नाही आलं. आजही येत नाही. तुला काय वाटतं, एवढा वेळ मी त्याला 'पोर, पोर' म्हणतोय ते हौस म्हणून? गल्लीत कुणालाही विचार. म्हाताऱ्यांना तो आठवतो, सगळा आठवतो.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. वेणीमाधवनं त्याच दिवशी रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा केलं आणि लायसनही टाकलं तिथं. पुन्हा घाटावर कुणाचं श्राद्ध चालवलं नाही. कुणाच्या बापाचं नाव घ्यायला तोंड उघडायची त्याला भीती वाटायची. सुनीतीवहिनींनी शिवण करून घर चालवलं. कालिंदीवहिनी पुढं सहा वर्षं होत्या. पितृपक्ष आला की एक पान वाढायच्या आणि तोंड मिटून त्याच्यासमोर बसून राहायच्या. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो गेलाय हे कळलं, आणि त्याला काही देता आलं नाही. ह्याहून वाईट भूत मला ठाऊक नाही.

पण त्या रात्रीचं राहिलंच. वेणीमाधव दारात उभा होता, तेव्हा माझं डोकं चाललं. म्हटलं, आठवत नाही तर नाही, कुठंतरी लिहिलेलं असेलच की. रेशन कार्ड काढा! आम्ही दोघं कालिंदीवहिनींकडं गेलो. त्यांनी ट्रंक उघडली, लुगड्यांच्या तळातून कार्ड काढलं. मी कंदील धरला.

जुनं कार्ड. तेलकट, पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटलेलं. पहिल्या ओळीत वहिनींचं नाव, वय एक्केचाळीस, मुखिया. त्याखाली दुसरी ओळ. वय सतरा. नातं, पुत्र. सरकारी निळी शाई, जराही पुसट नाही.

आणि त्याच्या आधी, नावाच्या रकान्यात... मी बोट फिरवून पाहिलं. खोडलेलं नव्हतं. खरवडलेलं नव्हतं. पाणीही लागलेलं नव्हतं. सगळ्या पिवळ्या कार्डावर तेवढीच बोटभर जागा कोरी होती, आजच आणलेल्या कागदासारखी पांढरी.